कादंबरीत मोडलेलं लग्न

बाईंचा अभिप्राय आला तेव्हा मी कुरकुंभला, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवायला बसले होते. फोनवर मेल दिसला आणि हातातला घास हातातच राहिला. समोरच्या दोघी सुट्ट्यांचं बोलत होत्या. मी फोन पालथा ठेवला, पुन्हा सुलटा केला. शेवटी उघडला, आणि पहिल्या पानावरच्या चार कौतुकाच्या ओळी वाचून इतकी हरखले, की पुढची पानं आहेत हे क्षणभर विसरूनच गेले.

मी औषधाच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. राहते दौंडला, माहेर शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याकडच्या एका वस्तीवर. आमचे आजोबा मेंढरं घेऊन हिंडायचे, आबांनी हिंडणं सोडून शेती धरली, आणि मी बीएस्सी होऊन नोकरीला लागले. या सगळ्यात लिहिण्याचं खूळ कुठून शिरलं, ते घरात कुणाला सांगता येत नाही. मलाही नाही. पण कंपनीच्या बसमध्ये, सुट्टीच्या सकाळी, पोरांच्या परीक्षा चालू असताना त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून मी एक कुमार कादंबरी लिहिली होती, आणि ती कुणी छापत नव्हतं.

एका प्रकाशकाचं उत्तर आलं, की आमच्या यादीत बसत नाही. दुसऱ्याचं उत्तरच आलं नाही. तिसऱ्यानं, भाषा फार ग्रामीण आहे, शहरातल्या मुलांना कळणार नाही, असं कळवलं. म्हणून मी सगळे संवाद पुस्तकी मराठीत केले आणि कादंबरी चौथ्याकडं पाठवली. तो म्हणाला, संवाद कृत्रिम वाटतात. एका स्पर्धेला पाठवली, तिथं निवडीच्या यादीतही आली नाही. दर वेळी मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायचे, आणि नेमकं काय चुकलंय ते काही दिसायचं नाही. कामावर मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांतल्या चुका काढते. पण स्वतःच्या लिखाणापुढं डोळे मिटल्यासारखे व्हायचे.

शेवटी एका प्रकाशनाच्या कचेरीतल्या माणसाला फोनवर माझी दया आली असावी. तो म्हणाला, "ताई, सारखं पाठवत बसू नका. आधी कुणा जाणत्या संपादकाकडून वाचून घ्या." त्यानंच पुण्यातल्या बाईंचं नाव दिलं. बाईंनी सगळी नोकरी मुलांची पुस्तकं संपादित करण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर त्या घरी बसून नव्या लेखकांची हस्तलिखितं वाचत. रीतसर फी घेत आणि सविस्तर लेखी अभिप्राय देत. तो माणूस म्हणाला होता, "त्या गोड बोलत नाहीत हं."

मी मनाशी ठरवून पाठवलं होतं, की हे शेवटचं. बाईंनी बरं म्हटलं तर पुढं जायचं, नाहीतर कपाटात टाकून मोकळं व्हायचं. असं ठरवलं की सोपं जाईल असं मला वाटत होतं.

माझी कादंबरी दोन मुलींची होती. एका वस्तीवरच्या, एका बाकावरच्या, एकाच एसटीनं शाळेला जाणाऱ्या. नववीत त्यातल्या एकीचं लग्न ठरतं. दुसरी शाळेतल्या सरांना सांगते, सर सरपंचांना घेऊन येतात, मागून पोलिसांची गाडी येते, मांडवातच लग्न मोडतं. शेवटच्या प्रकरणात दोघी दहावी पास होतात आणि सगळ्या गावाला पेढे वाटले जातात.

ती पहिली मुलगी खरी होती. माझ्या बाकावर बसायची. नववीच्या उन्हाळ्याआधी तिचं लग्न झालं आणि ती पुन्हा शाळेत आली नाही.

बाईंनी पहिल्या दहा प्रकरणांबद्दल भरभरून लिहिलं होतं. एसटीतली दांडी पकडायची भांडणं, पेरूला लावलेलं तिखटमीठ, पावसात भिजलेली दप्तरं, एकीनं दुसरीची वेणी घालताना आरशाशिवाय भांग सरळ पाडणं. 'हे तुम्ही पाहिलेलं आहे,' असं त्यांनी लिहिलं होतं. मग नवा परिच्छेद.

'अकराव्या प्रकरणापासून तुमची नायिका कुठं गेली? लग्न ठरल्यावर ती एकदा सरांना सांगते आणि नंतर बाजूला उभी राहते. पुढचं सगळं मोठी माणसं करतात. सर भाषण करतात, सरपंच भाषण करतात, पोलीस अधिकारी तर दोन पानं बोलतो. तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाला उपदेशाचा वास लांबून येतो, आणि तो पुस्तक मिटतो. मुलांच्या पुस्तकात संकट मुलांचं असेल, तर त्याच्याशी झुंजायचंही मुलांनीच. शेवट आशादायक ठेवा, पण तो नायिकेनं मिळवलेला असू द्या.'

आणि अगदी खाली, वेगळं काढून: 'एक विचारू का? हे लग्न खरोखर मोडलं होतं का? मला तसं वाटत नाही. दहाव्या प्रकरणापर्यंत तुम्ही आठवून लिहीत होता. अकराव्यापासून तुम्ही इच्छा लिहिली आहे.'

मी ताट तसंच नेऊन ठेवलं. दुपारची पाळी कशी काढली ते सांगता येणार नाही. बसमध्ये खिडकीशी बसून मी त्या बाईंना मनातल्या मनात उत्तरं देत होते. तुम्हाला काय माहीत आमच्या वस्तीचं. पुण्यात बसून कुणाचं लग्न मोडलं नि कुणाचं नाही, हे तुम्ही कोण ठरवणार. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणाल्या?" मी फोन त्याच्या हातात दिला. त्यानं सगळं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "बरोबरच लिहिलंय की."

त्यानंतर दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तोही शहाणा, विचारायला आला नाही.

राग ओसरला तेव्हा त्याखाली नुसती भीती होती. बाईंचं पटत होतं आणि ते दुरुस्त करायची अक्कल माझ्याकडं नव्हती. तरी बसले. त्यांच्या अभिप्रायाची छापील प्रत काढली आणि एकेक सूचना पाळत गेले. भाषणं कापली. पोलीस अधिकारी काढला, सरपंच काढला. नायिकेनं झुंजायचं ना, मग तिला झुंजवलं. ती स्वतः सरकारी मदतीच्या नंबरवर फोन करते. मैत्रिणीला उसाच्या फडात लपवते. नवरदेवाच्या गाडीची हवा सोडते. पाठलाग घातला, कालव्यातून पळणं घातलं. लिहिताना मला मजा येत नव्हती, हे आत कुठंतरी कळत होतं. पण मजेचा आणि चांगलं होण्याचा काय संबंध, अशी मी स्वतःची समजूत घातली. कित्येक महिने गेले. सासूबाईंचं दुखणं निघालं, कंपनीत ऑडिट आलं, थोरल्याची बारावी आली. प्रत्येक वेळी पानं बाजूला पडायची आणि परत हातात घेतली की परक्या कुणाची वाटायची.

दुसरा मसुदा वाचून झाल्यावर बाईंनी मेल केला नाही. फोन आला. "तुम्हाला इकडं येता येईल का? हे समोर बसून बोलावं असं वाटतं."

मी दौंडहून सकाळच्या गाडीनं गेले. चांगलं असतं तर फोनवर सांगितलं असतं, हे मला कळत होतं, तरी वाटभर मी उलटंच घोकत होते. फार आवडलं असेल, म्हणून समोर बोलावलं असेल.

बाई सत्तरीच्या पुढच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं खुर्चीतून न उठता त्यांनी सुनेला चहा करायला सांगितला. माझी पानं त्यांच्या मांडीवर होती, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. मी पेला खाली ठेवेपर्यंत त्या थांबल्या.

"हा मसुदा पहिल्यापेक्षा वाईट आहे," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या मांडीवरच्या पेन्सिलीच्या खुणांकडं बघितलं.

"तुम्ही मी सांगितलेलं सगळं केलंत. एकही सूचना सोडली नाहीत. तिथंच घोटाळा झाला. तिला काहीतरी करू द्या म्हटलं, तर तुम्ही तिलाच पोलीस केलंत. आधी पोलीस गाडीतून यायचे, आता फ्रॉकमध्ये येतात."

"मग मी करायचं काय बाई?" माझा आवाज चिरकला. "भाषा बदला म्हणाले, बदलली. परत बदला म्हणाले, परत बदलली. तुम्ही म्हणालात तसं सगळं केलं. अजून काय करू?"

त्यांना वाईट वाटलेलं दिसलं, पण त्यांनी शब्द मागं घेतले नाहीत. "आमच्या सोसायटीतल्या दोन मुलांना वाचायला दिलं होतं. तुमची परवानगी घेतली होती मी. एकानं सहाव्या प्रकरणानंतर परत आणून दिलं. मुलीनं पूर्ण वाचलं. ती मला म्हणाली, आजी, उसात लपवलं तर आईबाप शोधणार नाहीत का? आणि शोधून काढल्यावर मारणार नाहीत का?" त्यांनी पानं सारखी केली. "चौदा वर्षांची मुलगी आहे ती. तिला जे कळतंय ते तुम्हाला कळत नाही असं नाही. तुम्ही तिकडं बघत नाही आहात. ती तुमची मैत्रीण आज कुठं असते?"

"कोरेगाव भीमाला. कामगारांची मेस चालवते."

"भेटता?"

"लग्नानंतर यात्रेत दोनतीनदा दिसली. फोन नंबर आहे."

"तिला सांगितलंय, की तुम्ही तिच्यावर लिहिताय?"

मी मान हलवली. नाही.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली नाही. दाराजवळ उभी राहून मी पानं पोटाशी धरली होती. हडपसर गेलं, लोणी गेलं, आणि डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं ते कळलंच नाही. एक म्हातारी माझ्याकडं बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "दवाखान्यातनं आली का बाळा? काय निघालं?" मी म्हटलं, काही नाही आजी. तिला ते खरं वाटलं नाही. तिनं आपली पिशवी सरकवून मला खाली बसायला जागा करून दिली.

माझं वय चाळिशीच्या पुढं गेलं होतं. इतकी वर्षं घरादाराची, झोपेची ओढाताण करून जे केलं, ते पहिल्यांदा खोटं होतं आणि सुधारल्यावर जास्त खोटं झालं होतं. त्या दिवशी घरी येऊन मी दोन्ही मसुदे माळ्यावर टाकले. नवऱ्याला म्हटलं, "आता मला याबद्दल काही विचारायचं नाही." त्यानं मान डोलावली. पुढं दोनेक महिने मी कामावर गेले, स्वयंपाक केला, सिरियल बघितल्या. लोक म्हणतात, सोडून दिलं की हलकं वाटतं. मला हलकं वाटलं नाही. दात पडलेल्या जागी जीभ जावी तसं मन सारखं तिथंच जायचं, आणि तिथं काही नसायचं.

माहेरी आबांना बरं नव्हतं म्हणून गेले होते, तेव्हा एका सकाळी उठून मी शिरूरची एसटी धरली आणि शिरूरहून पुण्याकडं जाणारी. कोरेगावला उतरून तिला फोन केला. ती म्हणाली, "तू? हितं? थांब तिथंच, पोराला गाडी घेऊन पाठवते." मी म्हटलं, नको, चालत येते.

हायवेच्या मागच्या गल्लीत तिची मेस. पत्र्याची शेड, चार लांब टेबलं, भिंतीवर पाळ्यांप्रमाणं जेवणाच्या वेळा हिंदीत लिहिलेल्या. दुपारची पंगत उठली होती. ती परातीत पीठ मळत बसली होती. अंगानं भरली होती, केस पुढून पिकले होते. मला बघून पिठाचे हात तसेच वर धरून हसली. एक बिहारी कामगार उशिरा आला, तर त्याला म्हणाली, "भैया, दाल खतम है, सब्जी चलेगी?" आणि मला म्हणाली, "बस. हात मोकळं न्हाईत माझं. तू बोल."

मी सगळं सांगितलं. कादंबरीचं, बाईंचं, लग्न मोडल्याचं. माळ्यावरचा पहिला मसुदा मी दौंडहून निघतानाच पिशवीत घातला होता. ती म्हणाली, "वाच की मग." तो मांडवाचा प्रसंग मी तिला वाचून दाखवला. पोलिसांची गाडी, सरांचं भाषण, तिच्या बापानं मान खाली घालणं. ती मळत होती. मध्ये तिचे हात थांबले, परत चालू झाले. मी दहावीच्या पेढ्यांपर्यंत वाचून थांबले.

"म्हंजी तुझ्या पुस्तकात माझं लगीनच झालं न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

"मग माझी पोरं कुठं गेली?"

ती रागानं बोलली नव्हती. खरंच विचारत होती. थोरला पॉलिटेक्निकला, धाकटी दहावीला, असं तिनं आल्या आल्याच मला सांगितलं होतं.

"तुला वाटलं आसंल, बरं केलं," ती म्हणाली. "पर माझं सगळं ह्या लग्नाच्या नंतरचंच हाय. वंगाळ बी आन् चांगलं बी. ते तू पुसून टाकलंस आन् मला परत शाळंत बसवलंस. मी कोण मग?"

"मला वाटायचं, असं व्हायला पाहिजे होतं."

"व्हय, व्हायला पायजे व्हतं." तिनं पिठावर ओलं फडकं टाकलं. "पर झालं न्हाई ना."

मी विचारलं, जसं झालं तसं लिहू का. हळद, वरात, सासरचे पहिले दिवस, तू सांगशील तसं. ती लगेच म्हणाली, "न्हाई. लगीन माझं हाय. ते लिहू नको." आणि त्यावर पुढं बोलली नाही. मीही ओढून विचारलं नाही. मला वाटलं, संपलं. बाईंनी खोटा शेवट काढून घेतला आणि हिनं खरा दिला नाही. आता लिहायला काही उरलंच नाही.

मी पानं पिशवीत भरत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "नंतर काय झालं गं?"

"कशाचं?"

"शाळंचं. मी गेल्यावर. ते नाटक बसवत व्हते ना, त्यात माझी राणी कुणाला दिली?"

मी सांगितलं. मग तिनं सहलीचं विचारलं. कुठं गेली, गाडीत कोण ओकलं. गणिताच्या सरांची बदली झाली का. माझ्या शेजारी बाकावर कोण बसलं. कुणी नाही, मी तिथं दप्तर ठेवायचे, असं म्हटल्यावर तिनं पिठावरचं फडकं सारखं केलं, आणि परत विचारायला लागली. दहावीला विज्ञानाला काय काय असतं. कवायतीला पुढं कोण उभं राहायचं. निरोप समारंभाला कोणत्या साड्या नेसल्या होत्या. चपात्यांची वेळ झाली, हाताखालच्या दोन बायका आल्या, तवे तापले, तरी ती लाटता लाटता विचारतच राहिली. इतक्या वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. यात्रेत भेटलो तेव्हा मी मुलंबाळं, सासू, पाऊसपाणी एवढंच बोलले होते. मला वाटायचं, शाळेचं काढलं तर तिला वाईट वाटेल.

मी निघताना ती दारापर्यंत आली. "मी तवा आईला एकदा न्हाई म्हणले व्हते," ती म्हणाली. "ती म्हणली, गप. मी गप बसले. एवढंच." आणि आत गेली.

(हे सगळं इथं लिहायला मी तिला विचारलंय. ती म्हणाली, लिही, पर मेसचं नाव टाकू नको, गिऱ्हाइकं विचारत बसतील.)

तिसरा मसुदा मी तिच्या प्रश्नांवरून लिहिला. लग्न त्यात पहिल्या प्रकरणाच्या आधीच होऊन गेलेलं आहे. कुणी कुणाला वाचवत नाही. मागं राहिलेली मुलगी नववी-दहावीची सगळी वर्षं जगते, आणि रोज काहीतरी असं घडतं, जे फक्त त्या दुसरीला सांगण्यासारखं असतं. ती सांगायचं साठवत जाते. एकदा सायकलवरून तिच्या सासरच्या गावाला जाते आणि वेशीवरूनच परत येते. ती कुणावर रागावलीय, हे तिला शेवटापर्यंत नीट कळत नाही. संवाद मी आमच्याच बोलीत ठेवले. हे लिहिताना माझं मन थाऱ्यावर होतं असं नाही. अनेकदा वाटायचं, हेही खोटंच निघणार, आणि या वेळी तर दुरुस्त करायची ताकदही राहणार नाही.

बाईंनी वाचायला वेळ घेतला. मग फोन केला. "हे पुस्तक आहे," त्या म्हणाल्या. मी ओट्याशी उभी होते, तिथंच खाली बसले. "आणि एक चूक माझी. पहिल्या अभिप्रायात मी शेवट आशादायक ठेवा असं लिहिलं होतं. ते सवयीनं लिहिलं. ते खोडून टाका." मग म्हणाल्या, "पण छापणारा मिळायला वेळ लागेल, हे आत्ताच सांगून ठेवते. मुलांच्या पुस्तकात मुलगी सुटत नाही, हे मोठ्यांना झेपत नाही."

वेळ लागेल या शब्दांचा अर्थ मला नंतर कळला. दोघांनी नाकारलं. तिसऱ्या प्रकाशकाचा स्वतःहून फोन आला. लिखाण आवडलंय, चित्रकारही डोक्यात आहे, फक्त एक बदल. "शेवटी त्या मुलीला परत शाळेत आणा. बाहेरून परीक्षा देते, असं काहीही दाखवा. शाळांच्या ग्रंथालयात पुस्तक जायला हवं ना. तेवढं केलंत की पुढच्या मोसमात काढू."

फोन ठेवला आणि मी हसले. इतकं सगळं करून मी परत पेढ्यांपाशी येऊन पोचले होते. नंतर ते हसू कुठल्या कुठं गेलं. मला पुस्तक हवं होतं. इतकं हवं होतं, की त्याच रविवारी सकाळी बसून मी तो शेवट लिहून काढला. चार पानं. मैत्रीण बाहेरून परीक्षेला बसते, पास होते, दोघी परत एकाच एसटीत. मला कुठंही अडायला झालं नाही, इतकं ते सोपं होतं.

बाईंना विचारावं म्हणून फोन लावला. सुनेनं उचलला. बाईंच्या डोळ्यांचं दुखणं वाढलं होतं, पडद्याचं ऑपरेशन करूनही दिसणं जवळजवळ गेलं होतं. "आता त्यांनी कामं घेणं बंद केलंय," ती म्हणाली. मी काळजी घ्या म्हटलं आणि चार पानांकडं बघत बसले. विचारायला कुणी नव्हतं. मेसला फोन करायची हिंमत झाली नाही, कारण तिचं उत्तर मला माहीत होतं.

संध्याकाळी नवरा पाळीवरून आला. त्यानं ती चार पानं वाचली. या वेळी चष्मा काढला नाही. "छान आहे," म्हणाला. मला वाटतं, माझा चेहरा बघून म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रकाशकांना कळवलं, की हा बदल मला करता येणार नाही. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, शुभेच्छांचं. त्या दिवशी बसमध्ये मला इतकं एकटं वाटलं, की शेजारची दोन वेळा म्हणाली, "तब्येत बरी नाही का तुझी?" आपण काही चांगलं केलं असं मला वाटत नव्हतं. हातातलं घालवलं असंच वाटत होतं. अजूनही कधी कधी वाटतं.

सध्या ती कादंबरी आणखी एका ठिकाणी दिलेली आहे. उत्तर नाही. मी आशा ठेवून आहे असं म्हणवत नाही.

पण मध्यंतरी बाईंच्या सुनेचा फोन आला. म्हणाली, "त्या दिवसभर नुसत्या बसून असतात. तुम्ही फोनवर वाचून दाखवाल का थोडं? त्यांनीच विचारायला सांगितलंय." तेव्हापासून रविवारी सकाळी कुकर लावून झाला की मी फोन स्पीकरवर ठेवते आणि एक प्रकरण वाचते. पलीकडून बराच वेळ काही ऐकू येत नाही. मला वाटतं, झोप लागली असेल. मग आवाज येतो.

गेल्या रविवारी मी सायकलचं प्रकरण वाचत होते. वेशीवर ती पोरगी उभी असते आणि तिला जगण्याबद्दल काहीबाही वाटतं, असं मी लिहिलंय.

"थांबा," बाई म्हणाल्या. "ते शेवटचं वाक्य परत वाचा."

मी वाचलं.

"हे तिला वाटत नाहीये. तुम्हाला वाटतंय. तिला काय वाटतंय?"

मी विचार केला. "तिला तहान लागलीय," मी म्हटलं. "लांबून आलीय ना. आणि तिथं कुणाकडं पाणी मागायचं, ते तिला कळत नाहीये."

"मग ते लिहा," बाई म्हणाल्या. मी कुकरचा गॅस बंद केला आणि पेन शोधलं.